टोमॅटोंच्या मागची झाडं

निवेदिता टिपणीस यांनी पुण्याच्या एका कॉलेजात एकोणतीस वर्षं वनस्पतीशास्त्र शिकवलं आणि त्या एकोणतीस वर्षांत त्यांच्या हातून एक कुंडी धड जगली नाही. हे त्या स्वतःच सगळ्यांना सांगत, कारण दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा ते बरं. दारातली तुळस दर दोन वर्षांनी गुपचूप बदलावी लागे. नवरा होता तेव्हा पाहुण्यांना म्हणायचा, "हिला झाडाचं नाव विचारा, कुळ विचारा, फक्त त्याला पाणी घालायला सांगू नका."

तो गेल्यावर जुईनं त्यांना न्यूझीलंडला आणलं. जुई ही एकुलती एक मुलगी. अल्बनीतल्या नव्या वसाहतीत तिचं घर होतं. घरं इतकी एकसारखी की पहिल्या महिन्यात निवेदिताबाई दोनदा दुसऱ्याच्या दाराशी किल्लीशी खटपट करत उभ्या राहिल्या होत्या. सकाळी जुई आणि जावई नील बसनं सिटीत जायचे, सहा वर्षांची इरावती शाळेत जायची आणि घर निवेदिताबाईंच्या ताब्यात यायचं. ताब्यात म्हणजे काय, तर त्या डिशवॉशर लावायच्या आणि जुई संध्याकाळी येऊन तो काही न बोलता पुन्हा नीट लावायची.

पेरेंट रेसिडेन्सीचा, म्हणजे मुलीजवळ कायम राहण्याच्या परवान्याचा, अर्ज केलेला होता. त्यासाठी पुणे पोलिसांकडून दाखला आणला होता की या बाईंच्या नावावर कसलाही गुन्हा नाही. तो वाचताना निवेदिताबाईंना जरा अपमानच वाटला होता. चौसष्ट वर्षांत काहीच नाही?

मागच्या कुंपणापलीकडे वसाहतीच्या आधीपासूनचं एक बैठं लाकडी घर होतं. तिथे नोएलीन राहायची. वय एकोणऐंशी, तीस वर्षं शाळेची बस चालवलेली, नवरा केन वारलेला, मुलगा क्रेग ब्रिस्बेनला. कुंपणाची एक फळी निखळलेली होती. तिथून दोघींच्या गप्पा चालत. निवेदिताबाईंचं इंग्रजी पाठ्यपुस्तकातलं, नोएलीनचं बसमधलं, तरी एकमेकींचं कळायचं. सबंध देशात आपल्याला "काय म्हणतेस?" असं विचारणारी ही एकच बाई आहे, हे निवेदिताबाईंनी जुईला कधी सांगितलं नव्हतं.

जानेवारीत नोएलीन न्हाणीघरात घसरली आणि तिचा खुबा मोडला. निवेदिताबाई हॉस्पिटलात भेटायला गेल्या तेव्हा तिनं उशीखालून किल्ली काढली.

"काचघरातल्या टोमॅटोंना पाणी घालशील ना, लव्ह? आणि मागच्या बाजूला माझी थोडी औषधी झाडं आहेत. त्यांनाही."

"अवश्य," निवेदिताबाई म्हणाल्या. औषधी झाडं म्हणजे त्यांना वाटलं पुदिना असेल, लॅव्हेंडर असेल.

दुसऱ्या दिवशी झारी घेऊन त्या काचघरात शिरल्या. टोमॅटोंच्या मागे पाच झाडं कमरेएवढी वाढलेली होती. पंजासारखी पानं, करवतीसारख्या कडा. निवेदिताबाईंच्या तोंडून पहिल्यांदा नाव बाहेर पडलं, मग कुळ, मग "परीक्षेत चार मार्कांना" असंही. आणि मग आपण नेमकं कशापुढे उभ्या आहोत हे डोक्यात शिरलं. त्यांनी धावत जाऊन दार आतून लावून घेतलं. लावल्यावर लक्षात आलं की घर काचेचं आहे.

त्या दिवशी त्यांनी फक्त टोमॅटोंना पाणी घातलं. या देशात डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गांजाचं औषध मिळतं, पण तो परसात लावणं गुन्हा आहे, एवढं त्यांना जुईच्या बोलण्यातून माहीत होतं. रेसिडेन्सीच्या फॉर्ममधला चारित्र्याचा रकाना डोळ्यांपुढे आला. उद्यापासून या बाजूला फिरकायचंच नाही, असं ठरवून त्या घरी आल्या आणि हात तीनदा धुतले.

दुसऱ्या दिवशी उन्हानं काचघर तापलं होतं. पाचही झाडांनी माना टाकल्या होत्या. निवेदिताबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग एवढ्यापुरतंच म्हणून त्यांनी पाणी घातलं. तासाभरानं पुन्हा डोकावल्या, तर पानं ताठ उभी. त्यांच्या हातून पाणी घातलेलं झाड मेल्याऐवजी उठून उभं राहिलं, हे आयुष्यात पहिल्यांदाच घडलं होतं. इथेच त्या फसल्या.

फेब्रुवारीत त्या रोज जाऊ लागल्या. जुईला सांगायच्या, "टोमॅटो फार आलेत गं." टोमॅटो खरंच आले होते आणि घरात रोज सार व्हायचं, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. पाच झाडांना त्यांनी रोल नंबर दिले. वर्गात हजेरी घ्यावी तशा त्या शेंडे बघत फिरायच्या आणि रोल नंबर पाच नीट वाढत नाही म्हणून त्याला मराठीतून बोलायच्या.

या जातीत नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं असतं, हे त्यांनी एकोणतीस वर्षं फळ्यावर लिहून दिलं होतं. प्रत्यक्षात पाहिलं होतं ते हर्बेरियमच्या कागदावर चिकटवलेलं, तपकिरी पडलेलं, कुणा एका इंग्रज साहेबानं गोळा केलेलं डहाळं. आता त्यांनी इरावतीच्या सायन्स किटमधलं भिंग पळवलं आणि गुडघे टेकून प्रत्येक पेर तपासलं. दोन नर निघाले. नर राहिले तर माद्यांमध्ये बी धरेल आणि नोएलीनच्या उपयोगाचं काही उरणार नाही, एवढं त्यांना कळत होतं. पण दुसऱ्याचं झाड परवानगीशिवाय कसं काढायचं? म्हणून त्या हॉस्पिटलात गेल्या. वॉर्डात चार खाटा होत्या.

"नोएलीन," त्या कानाशी लागून म्हणाल्या, "टू ऑफ देम आर बॉइज."

नोएलीनला जरा कमी ऐकू यायचं. "काय?"

"बॉइज! दोन मुलगे आहेत!"

शेजारच्या खाटेवरची म्हातारी हसून म्हणाली, "जुळे? किती छान!"

"मग उपटून टाक," नोएलीन म्हणाली. "मला फक्त मुली ठेवायच्यात."

शेजारच्या बाईंनी हळूच पडदा ओढून घेतला.

मार्च सरत आला तोवर उरलेल्या तीन झाडांची बोंडं भरगच्च झाली होती आणि काचघराचा वास पार फळीपर्यंत येऊ लागला होता. निवेदिताबाईंना तो वास आवडत नव्हता. पण वर्गात पहिला आलेल्या विद्यार्थ्याच्या घामाचा वास कुणी मनावर घेत नाही. अजून दहा दिवस, असा त्यांचा हिशेब होता. तेवढ्यात नोएलीनचा फोन आला.

"शनिवारी क्रेग येतोय ब्रिस्बेनहून. न्हाणीघरात धरायला दांडे बसवणार आहे आणि काचघरही साफ करणार म्हणतोय. त्याला यातलं काही माहीत नाही, लव्ह. तू ती झाडं काढ आणि टाकून दे कंपोस्टमध्ये. उगाच तुला त्रास नको."

यापुढे जे झालं त्याचा दोष नोएलीनवर ढकलता येणार नाही, हे निवेदिताबाई स्वतःच नंतर कबूल करायच्या. तिनं स्पष्ट सांगितलं होतं, टाकून दे. त्यांनी "बरं" म्हणून फोन ठेवला आणि अभ्यासक्रम संपण्याआधी परीक्षा घेणाऱ्या युनिव्हर्सिटीवर चिडावं तशा त्या क्रेगवर चिडल्या. गुरुवारी दुपारी त्यांनी फांद्या कापल्या, खोडं मुळांसकट कंपोस्टमध्ये पुरली, फांद्या धुण्याच्या टोपलीत ठेवल्या, वर चादर पसरली आणि कुंपणाच्या फळीतून टोपली आधी ढकलून मग स्वतः आल्या. साडी असती तर अडकली असती. त्या दिवशी त्यांना ट्रॅकपँटचं महत्त्व पटलं.

वाळवायला अंधारी जागा हवी होती. घरात तशी एकच होती, गरम पाण्याच्या टाकीचं कपाट. तिथे टॉवेल, चादरी आणि नीलचे इस्त्रीचे शर्ट असायचे. तिथे फार ऊब आहे, म्हणून त्यांनी कपाटाचं दार दिवसभर किलकिलं ठेवलं. त्यामुळे झाडं उत्तम वाळू लागली आणि वास घरभर पसरला.

"आजी," शुक्रवारी आंघोळ करून आलेली इरावती टॉवेल हुंगत म्हणाली, "माय टॉवेल स्मेल्स लाइक द स्केट पार्क, व्हेअर द बिग बॉइज स्मोक."

"हिंग आहे गं तो. खडा हिंग."

"इट्स नॉट हिंग, आजी."

मुलीला घराण्याची निरीक्षणशक्ती मिळाली आहे, याचा निवेदिताबाईंना त्या अवस्थेतही अभिमान वाटला.

शनिवारी क्रेग आला, काचघरातले टोमॅटो काढून गेला, कुंपणावरून हात हलवून माओरीत "कीया ओरा" म्हणाला. संकट टळलं असं वाटून निवेदिताबाईंनी दुपारी छान झोप काढली. खरं संकट रविवारी सकाळी उभं राहिलं. त्या धुणं घेऊन गराजकडे निघाल्या होत्या आणि आतून बोलणं ऐकू आलं.

"नील, खरं सांग. तू पुन्हा सुरू केलंयस का?" हा जुईचा आवाज होता. दबका, पण धारदार.

"मी? मला वाटलं तू करतेयस."

"मी?"

"माझ्या शर्टांना वास येतोय, जुई. ऑफिसात मॅटनं माझ्या पाठीवर थाप मारली आणि 'गुड ऑन या' म्हणाला. मी गप्प बसलो, कारण मला वाटलं तुला कामाचं टेन्शन आलंय आणि तू सांगत नाहीयेस."

"विषय बदलू नकोस. कॉलेजात असताना तू मला शब्द दिला होतास. आणि आई घरात आहे, नील! आईला कळलं तर काय वाटेल तिला?"

आई धुण्याची टोपली घेऊन दाराबाहेर उभी होती. याच टोपलीतून तिनं सगळा माल आणला होता.

त्याच क्षणी आत जाऊन सांगायला हवं होतं. त्या दोन पावलं पुढे गेल्यासुद्धा. मग मनात आलं की आत्ता सांगितलं तर जुई सगळं कचऱ्यात टाकेल, आणि देठ अजून वाकतात, मोडत नाहीत. आणखी दोनतीन दिवस तरी हवेत. निवेदिताबाई मागे वळल्या, वर गेल्या, कपाट उघडून देठ वाकवून पाहिला. वाकत होता.

सोमवारी नाश्त्याला जुई आणि नील एकमेकांशी फक्त इरावतीमार्फत बोलले. मंगळवारी दिवाणखान्यातल्या सोफ्यावर उशी आणि पांघरूण दिसलं. निवेदिताबाईंनी ते घडी करून ठेवलं आणि जाऊन देठ पाहिला. स्वतःच्या मुलीचा संसार त्या देठाबरोबर सुकत घालत आहोत, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. बुधवारी सकाळी देठ टकन मोडला. त्यांनी बोंडं नीट निवडून लोणच्याच्या तीन बरण्यांत भरली, झाकणं लावली, कपाट पुसून काढलं, शर्ट पुन्हा धुतले आणि संध्याकाळच्या जेवणाला पुरणपोळी केली. इरावती जेवून कार्टून बघायला गेल्यावर त्या म्हणाल्या, "तो वास माझा आहे."

दोघांनी वर पाहिलं.

"नोएलीनची झाडं होती. मी ती कपाटात वाळवली. नीलनं काही केलेलं नाही. तूही नाही. मीच केलं."

नीलच्या हातात पोळीचा घास तसाच राहिला. "आई, तुम्ही ओढता?" त्यानं इतक्या आदरानं विचारलं की निवेदिताबाईंना क्षणभर हो म्हणावंसं वाटलं.

"नाही रे. नुसतं वाढवलं."

"कधीपासून?" जुईनं विचारलं.

"जानेवारीपासून."

"आणि रविवारी आम्ही गराजमध्ये भांडत होतो ते..."

"ऐकलं मी."

"ऐकलंस? मग बोलली का नाहीस?"

"देठ मोडत नव्हता."

जुईनं खुर्ची मागे सरकवली. "कुठे आहे ते? मी आत्ताच्या आत्ता कचऱ्यात टाकते."

"टाकू नकोस. ते माझं नाही, नोएलीनचं आहे. आणि आत्ता कुठे बरणीत भरलंय. रोज थोडा वेळ झाकण उघडायचं, मग दोन आठवड्यांनी—"

"आई, तू मला कृती सांगतेयस?"

नीलला हसू आवरेना, म्हणून तो पाणी प्यायला उठला. पण जुई हसत नव्हती. तिचे डोळे भरले होते. "तुला कळतंय का, काय झालं असतं? कुणी बघितलं असतं, तक्रार केली असती, तर तुझा अर्ज गेला असता. तुला परत पाठवलं असतं. तिकडे एकटी राहिली असतीस तू. मी इथून काय केलं असतं?"

निवेदिताबाईंनी गेल्या तीन महिन्यांत त्या रकान्याचा अनेकदा विचार केला होता, पण तो नेहमी आपल्या नावापुढचा रकाना म्हणून. त्याच्या दुसऱ्या टोकाला जुई उभी आहे, हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. एवढी शिकलेली बाई, आणि एवढं दिसू नये. त्या उठल्या आणि जुईच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. हातालाही वास येत होता. जुईनं नाक मुरडलं, पण हात झटकला नाही.

त्याच संध्याकाळी नीलनं बरण्या पलीकडे नोएलीनच्या घरात नेऊन ठेवल्या. परत येताना म्हणाला, "आई, वाळवलंय मात्र जबरदस्त." जुईनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो सरळ डिशवॉशर लावायला गेला.

एप्रिलच्या मध्याला नोएलीन वॉकर घेऊन घरी आली. जुई म्हणाली, "मी येणार तुझ्याबरोबर. मला बोलायचंय तिच्याशी." तिचा चेहरा पाहून निवेदिताबाईंनी सोबत टोमॅटोची चटणी घेतली, निदान काहीतरी गोड बोलायला विषय असावा म्हणून.

नोएलीननं पहिली बरणी उघडली. वास घेतला. एक बोंड हातात धरून उजेडात फिरवून पाहिलं.

"तीस वर्षं लावतेय मी," ती म्हणाली. "आधी केनच्या पाठीसाठी, मग माझ्या हातांसाठी. असं एकदाही जमलं नाही. कसं केलंस तू?"

निवेदिताबाईंनी विनयानं हात हलवायला हवा होता. त्याऐवजी त्या सुरू झाल्या. नर-मादीपासून पानांच्या ग्रंथींपर्यंत, मध्ये फळा नाही म्हणून हवेत बोटानं आकृत्या काढत, पंचवीस मिनिटं. जुई दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. आईला शिकवताना तिनं कधी पाहिलं नव्हतं. कॉलेजात ती मुद्दाम कॉमर्सला गेली होती.

पण बोलायचं ते ती बोललीच. "नोएलीन, माझ्या आईला या देशातून घालवलं असतं. तिची रेसिडेन्सी अजून झालेली नाही."

नोएलीनचा चेहरा उतरला. तिनं बरणी खाली ठेवली. "अगं बाई. मी हा विचारच केला नाही. मला वाटलं, आमच्यासारख्या म्हाताऱ्यांकडे कोण लक्ष देतंय? आय ॲम सो सॉरी, लव्ह."

आता गप्प बसलं असतं तर सगळं तिच्यावरच राहिलं असतं आणि निवेदिताबाई सहज सुटल्या असत्या. मोह झाला. पण सोफ्यावरची ती उशी आठवली.

"जुई, तिनं मला टाकून द्यायला सांगितलं होतं. मीच टाकलं नाही."

"का?"

निवेदिताबाईंनी बरंच काही सुचवून पाहिलं मनात. विज्ञान, शेजारधर्म, नोएलीनची दुखणारी बोटं.

"चांगलं आलं होतं म्हणून," त्या म्हणाल्या.

जुईनं खुर्ची ओढली, बसली आणि नोएलीनला म्हणाली, "चहा करू का मी? दूध कुठे असतं?"

चहा पिताना नोएलीननं आणखी एक गोष्ट सांगितली. हॉस्पिटलातल्या डॉक्टरनं तिला चिठ्ठीवर त्याच औषधाचे थेंब सुरू करून दिले होते आणि त्यानं तिची बोटं बरीच सुधारली होती. म्हणजे या तीन बरण्यांची तिला गरजच नव्हती. निवेदिताबाईंनी "अरे वा, फारच छान" म्हटलं आणि आपला आवाज मोकळा यावा म्हणून फार कष्ट घेतले. मग तिघींनी मिळून तीनही बरण्या कंपोस्टच्या पिंपात रिकाम्या केल्या. खोरं निवेदिताबाईंनी मारलं. नोएलीन वॉकर धरून उभी राहिली आणि म्हणाली, "केन रडला असता." जुईनं वर केळीची सालं टाकली.

नंतरच्या रविवारी नीलनं कुंपणाची फळी चार खिळे ठोकून पक्की केली. तेव्हापासून नोएलीनकडे जायला रस्त्यानं वळसा घालावा लागतो, पण निवेदिताबाई रोज जातात. तिला चालायचा व्यायाम हवा असतो आणि यांना बोलायला कुणीतरी हवं असतं. कधीकधी जुईही शनिवारी बरोबर येते. एकदा येताना तिनं वाटेतल्या झाडाकडे बोट दाखवून विचारलं, "आई, हे काय आहे?" आणि कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत उत्तर ऐकलं.

ऑगस्टमध्ये रेसिडेन्सी आली. जुईनं श्रीखंड केलं, नोएलीनला बोलावलं. ती नव्या काठीवर आली आणि निरोप घेताना निवेदिताबाईंच्या हातात तपकिरी कागदाची एक छोटी पुडी कोंबून कानात म्हणाली, "वसंतासाठी, लव्ह. काचघर तुझंच."

पुडी मुठीत धरून निवेदिताबाई सगळ्यांसमोरून शांतपणे चालत गेल्या, बाथरूमचं दार लावलं, कडी नीट बसली का ते पाहिलं आणि पुडी उघडली. आत गोल, गुळगुळीत, मिरीएवढं बी होतं आणि नोएलीनच्या थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, स्वीट पी, गुलाबी फुलं.

सगळं किती सरळ, सुरक्षित आणि कायदेशीर होतं. कालच रेसिडेन्ट झालेल्या निवेदिता टिपणीस टबाच्या काठावर बसल्या आणि, सांगायला लाज वाटते, पण त्यांची चक्क निराशा झाली.